खिडकीचे गज

२४५ मिलिमीटर लांबीचा रेल्वेचा एक डबा जवळजवळ वर्षभर माझ्या टेबलावर उभा होता. छप्पर बसले होते, खाली बोग्या, म्हणजे चाकांचे गाडे, लागल्या होत्या, दारे आणि बफर आपापल्या जागी होते, आणि तरीही तो आपल्याकडचा डबा वाटत नव्हता. मूळ डबा चेन्नईतील पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या धाटणीचा. १९५५ साली सुरू झालेल्या या कारखान्यात स्विस आराखड्यावरून घडू लागलेला हा सांगाडा पुढे साठ वर्षांहून अधिक काळ, २०१८ पर्यंत, बनत राहिला, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ‘रेल्वेचा डबा’ म्हटल्यावर तोच उभा राहतो. सांगाड्याची लांबी २१ मीटर ३३ सेंटिमीटर, रुंदी सव्वातीन मीटरच्या आसपास. ८७ पटींनी लहान केल्यावर लांबी बरोबर २४५ मिलिमीटर येते आणि रुंदी ३७. मोजमाप चोख होते. उणीव एवढीच होती की खिडक्यांना गज नव्हते.

दुसऱ्या वर्गाने प्रवास केलेल्या माणसाला या गजांविषयी फार सांगावे लागत नाही. कर्जतला वडापाव आत येतो तो याच गजांमधून, आणि सुटे पैसे बाहेर जातात तेही तिथूनच. पावसाळ्यात घाट चढताना गजाच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब ओळीने लोंबत राहतात, गाडीने गचका दिला की सगळे एकदम सुटतात. लहानपणी मी तासन्‌तास त्या थेंबांकडे पाहत असे. गज नसलेली खिडकी कोरी दिसते, आणि तशा खिडक्यांचा डबा कितीही निळा रंगवला तरी कुठल्या तरी दूरच्या देशातला वाटतो.

मी जे जमेल ते करून पाहिले. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधली तांब्याची तार ताणून चिकटवली. ती एका बाजूने सरळ व्हायची आणि दुसऱ्या बाजूने वाकायची. मासेमारीचा नायलॉनचा दोरा लावला, तो रंग धरेना. पारदर्शक फिल्मवर रेघा छापून आतून लावल्या, तर प्रकाश तिरपा पडताच त्या काचेवरच्या ओरखड्यांसारख्या दिसू लागल्या. त्रिमितीय छपाईत इतक्या बारीक काड्या सुकेपर्यंतच वाकतात. एका सकाळी पुणे स्थानकावर उभ्या असलेल्या गाडीच्या एका गजाला मी जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. आत बसलेल्या आजोबांनी आधी संशयाने पाहिले, आणि कारण कळल्यावर स्वतःच टेपचे दुसरे टोक धरून खिडकीची उंची मोजायला मदत केली. गज १२ मिलिमीटर जाडीचा भरला. भागिले ८७ केले की ०.१४ मिलिमीटर. सर्वसाधारण कागदाच्या पानाहून थोडीच जास्त जाडी. आणि असे गज, एकमेकांशी तंतोतंत समांतर, चौकटीसह, प्रत्येक खिडकीसाठी.

असे काम करणारी पद्धत मॉडेल बनवणाऱ्यांच्या जगात अनेक दशके रूढ आहे. पितळेच्या किंवा स्टीलच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाच्या साहाय्याने आकृती उतरवायची, आणि आकृतीबाहेरचा धातू रसायनाकडून खाऊन टाकायचा. विमानाच्या बैठकीचे पट्टे, जहाजाचे कठडे, रडारची जाळी हे सारे असेच तयार होते. चेक प्रजासत्ताकातील ‘एडुआर्ड’ ही १९८९ साली सुरू झालेली कंपनी या भागांसाठीच जगभर ओळखली जाते, आणि त्यांच्या चौकटी मी कौतुकाने पाहिल्या व वापरल्या आहेत. परंतु आपल्या डब्याच्या खिडकीचे गज बाजारात शोधून मला कुठेच मिळाले नाहीत. आपल्या रोजच्या वस्तूंचे छोटे रूप दुसरा कोणी करून ठेवील याची वाट पाहणे मला तेव्हा सोडावे लागले.

माझे मामा ब्लॉकमेकर होते हे मला ठाऊक होते; मात्र त्या शब्दाचा अर्थ मी कधी नीट विचारला नव्हता. नारायण पेठेतल्या एका प्रोसेस स्टुडिओत त्यांनी तीस वर्षे काढली. खिळ्यांच्या छपाईच्या काळात मासिकात चित्र छापायचे तर त्याचा धातूचा ठसा करावा लागे, त्याला ब्लॉक म्हणत. रेघांचे चित्र असेल तर जस्तावर लाइन ब्लॉक, छायाचित्र असेल तर तांब्यावर बारीक ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक. दिवाळी अंकांच्या आधीचे दोन महिने मामा घरी फक्त झोपायला येत. मी त्यांच्याकडे गेलो आणि पत्र्यावर प्रकाशाने चित्र कसे उतरवायचे असे विचारले, तेव्हा ते थोडा वेळ माझ्याकडे पाहतच राहिले. “अरे, हे तर आमचंच काम,” ते म्हणाले, आणि पुढचे दोन तास थांबले नाहीत.

त्यांच्या वेळी प्रकाशाला प्रतिसाद देणारा थर विकत मिळत नसे. अंड्याचा पांढरा बलक आणि अमोनियम डायक्रोमेट यांचे द्रावण जस्ताच्या पत्र्यावर ओतायचे, पत्रा व्हर्लरवर गरगर फिरवून थर सारखा करायचा, निगेटिव्ह वर ठेवून कार्बनच्या आर्क दिव्यासमोर धरायचा. जिथे प्रकाश लागतो तिथला बलक घट्ट होतो, बाकीचा पाण्याने निघून जातो. तांब्यासाठी बलकाऐवजी माशांचा सरस. मग ॲसिड. मामांच्या बोलण्यातून मला जे सर्वांत मोलाचे मिळाले ते इथे. ॲसिड पत्र्यात जसे खाली जाते तसे बाजूलाही जाते, रेघेच्या बुडाशी शिरते, आणि वरून शाबूत दिसणारी रेघ खालून पोखरली जाऊन गळून पडते. म्हणून ते एकदा थोडेसे खाऊ देत, पत्रा बाहेर काढून धूत आणि वाळवत, ड्रॅगन्स ब्लड या नावाने मिळणारी तांबडी राळ पूड करून ब्रशने रेघेच्या कडेशी भरत, तापवून ती वितळवत, आणि मग पुन्हा ॲसिड. हे चारही दिशांनी करायचे, कारण पूड एका वेळी एकाच बाजूच्या कडेला बसते. “पावडर चुकली की रेघ पायातून तुटते,” मामा म्हणाले. माझ्या पत्र्याच्या बारीकपणाला ती पूड चालणार नव्हती, पण शत्रू कोण आहे ते मला तिथे कळले.

ही विद्या जुनी आहे. डायक्रोमेट मिसळलेले जिलेटिन प्रकाशाने कडक होते या गुणाचा उपयोग करून इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८५२ साली धातूवर छायाचित्र कोरण्याचे पेटंट घेतले, आणि काही वर्षांनी सुधारलेल्या पद्धतीत धातू खाण्यासाठी त्यांनी जे रसायन घेतले ते फेरिक क्लोराइड, म्हणजे आज माझ्या गॅलरीतल्या बरणीत आहे तेच. आपल्याकडे धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी याच व्यवसायात होते; त्यांचा एनग्रेव्हिंगचा आणि छपाईचा कारखाना लोणावळ्याला होता. ज्या घाटमार्गावर धावणाऱ्या डब्याचे मी मॉडेल करतो आहे, त्याच मार्गावर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी पत्र्यावर याच रीतीने चित्रे खोदत होते, हे कळल्यापासून लोणावळा आले की मी खिडकीबाहेर थोडे वेगळ्या नजरेने पाहतो.

आता आराखड्याविषयी. संगणकावर रेघ काढणे सोपे आहे, पण इथे काढायची असते ती रेघ नव्हे, तर रेघेची फुगवलेली आवृत्ती. रसायन प्रत्येक कडेकडून थोडे आत शिरणार हे गृहीत धरून तेवढी जागा आधीच देऊन ठेवावी लागते. माझा पत्रा ०.१ मिलिमीटर जाडीचा. दोन्ही बाजूंनी खाल्ले तर प्रत्येक बाजूने फक्त ०.०५ मिलिमीटर खाली जायचे, त्यामुळे बाजूने होणारी झीजही निम्म्यावर येते. दोन्ही बाजूंनी का खावे याचे खरे कारण हेच. पहिल्या खेपेला मी गज जसे हवे तसे ०.१४ मिलिमीटरचे काढले आणि द्रावणातून पत्रा वर काढला तेव्हा हातात रिकाम्या चौकटी आल्या. काही चौकटींत केसासारखे अवशेष लोंबत होते, ते धुताना गेले. लहान तुकड्यांवर वेगवेगळ्या रुंदीच्या रेघांचा नमुना करून, त्या खाऊन, भिंगाखाली मोजून पाहिल्यावर माझ्या पात्रात, माझ्या तापमानाला दोन्ही कडा मिळून सुमारे ०.०६ मिलिमीटर जातात असे दिसले. तेव्हा गज ०.२० मिलिमीटरचे काढायचे ठरले. दुसऱ्या कोणाचा आकडा उसना घेऊन चालत नाही, कारण पात्र, हालचाल, द्रावणाचा जुनेपणा, सगळे त्यात धरलेले असते.

बाजू दोन असल्याने चित्रेही दोन लागतात, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. दोन्ही चित्रांत जो भाग खाण्यासाठी मोकळा ठेवला तो आरपार जातो; एकाच चित्रात मोकळा ठेवला तर धातू अर्ध्या जाडीपर्यंत खाल्ला जाऊन थांबतो. ही अर्ध्या खोलीची रेघ म्हणजे या पद्धतीचे वैभव आहे. दाराखालच्या पायऱ्या मी सपाट काढल्या आणि जिथे घडी घालायची तिथे घडीच्या आतल्या अंगाला अशी रेघ दिली. पुढे दोन स्टीलच्या पट्ट्यांमध्ये धरून दाबले की पत्रा बरोबर त्या रेघेवर, काटकोनात वळतो. घडी मात्र एकदाच घालावी, परत उघडून घातली की पितळ तिथे तुटते. सर्व भाग एका मोठ्या चौकटीला बारीक दुव्यांनी जोडून ठेवायचे असतात, नाहीतर खाऊन सुटलेले भाग द्रावणाच्या तळाशी शोधत बसावे लागते.

घरच्या लेझर प्रिंटरवर काढलेल्या फिल्मने मला दगा दिला. बाराशे डीपीआयचा, म्हणजे इंचाला बाराशे ठिपके काढणाऱ्या छपाईचा, एक ठिपका ०.०२ मिलिमीटरचा, म्हणजे माझ्या गजाची रुंदी जेमतेम दहा ठिपके. शिवाय काळ्या भागात सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात आणि प्रकाश त्यांतून आत जाऊन नको तिथे थर कडक करतो. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांना फिल्म काढून देणारा एक जण मला अजून सापडला. त्याच्या यंत्रावर २५४० डीपीआयची निगेटिव्ह निघाली आणि ती उजेडासमोर धरली तेव्हा प्रत्येक कड सुरीने कापल्यासारखी होती. असे यंत्र चालू ठेवणारी माणसे आता थोडी उरली आहेत, आणि ती आहेत तोवर त्यांच्याकडे काम नेले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

पितळेचा पत्रा यंत्राच्या दुकानात शिम म्हणून मिळतो. तांबट आळीत मी आधी विचारून पाहिले. तिथल्या एका वयस्कर कारागिराने माझा ०.१ मिलिमीटरचा तुकडा बोटांत धरून वाकवला, “हा ठोकायचा पत्रा नाही, हा तर वर्ख झाला,” असे म्हणाला आणि पितळ नरम कसे करायचे ते मात्र प्रेमाने समजावून सांगितले. पत्रा स्वच्छ करणे हे कोणत्याही मराठी घरात शिकवावे लागत नाही. चिंच आणि मीठ, मग पितांबरी, मग भरपूर पाणी. शेवटचा धडा तेवढा वेगळा: पत्रा उभा धरून त्यावर पाणी सोडायचे, आणि पाण्याचा पडदा अखंड राहतो का ते पाहायचे. कुठे तो फाटला, थेंब जमले, तर तिथे बोटाचा तेलकटपणा आहे असे समजून पुन्हा सुरुवात करायची. हे मी तीन-चार वेळा करतो आणि त्याचा मला कधी कंटाळा आलेला नाही.

त्यानंतरचा थर आता तयार मिळतो. सर्किट बोर्ड बनवणारे वापरतात ती निळी कोरडी फिल्म तपकीर गल्लीत मिळाली, फेरिक क्लोराइडही तिथेच. घरातला ट्यूबलाइट बंद, पिवळा दिवा चालू, फिल्मच्या एका बाजूचा संरक्षक पापुद्रा काढून ती पत्र्याच्या दोन्ही बाजूंना ठेवायची आणि कागद लॅमिनेट करण्याच्या यंत्रातून फिरवायची. मग दोन निगेटिव्हांच्या पाकिटात पत्रा सरकवायचा. हे पाकीट आधीच खुणेला खूण जुळवून तीन बाजूंनी चिकटवून ठेवलेले असते. दोन बाजूंत ०.०५ मिलिमीटरचा फरक पडला तरी गज तिरपा खाल्ला जातो, म्हणून या एका कामाला मी संध्याकाळचा वेळ घेत नाही, सकाळी ताज्या डोळ्यांनी करतो. अतिनील दिव्याखाली दोन्ही बाजूंना सारखाच वेळ द्यायचा. जिथे प्रकाश लागतो तिथली फिल्म गडद निळी होते आणि घट्ट धरते. बाकीची, दुसरा पापुद्रा काढल्यावर, धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात विरघळते, लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम सोडा पुरतो. मऊ ब्रश फिरवता फिरवता निळ्या पार्श्वभूमीतून पिवळे पितळ वर येऊ लागते. अंड्याच्या बलकातून उमटणारे चित्र पाहताना मामांना जे वाटत असेल तेच इथे मला वाटत असावे.

फेरिक क्लोराइडचे द्रावण गडद तपकिरी, आयोडीनसारखे दिसते आणि ज्याला लागेल त्याला डाग पाडते. कोरडे रसायन पाण्यात हळूहळू घालायचे असते, कारण पाणी त्याने चांगलेच तापते. हातमोजे आणि चष्मा यांत सूट नाही. जवळपास ठेवलेली लोखंडी अवजारे त्याच्या वाफेने गंजतात, म्हणून हे काम गॅलरीत, अवजारांपासून दूर. मी एक अरुंद उभे प्लास्टिकचे पात्र घेतो, ते गरम पाण्याच्या बादलीत ठेवून आतले द्रावण चाळीस अंशांच्या वर राखतो, आणि माशांच्या टाकीचा हवेचा पंप लावून खालून बुडबुडे सोडतो. द्रावणातले लोह पितळेतले तांबे आणि जस्त ओढून घेते. वायू सुटत नाही, आवाज होत नाही, जे घडते ते त्या काळोख्या द्रवात न दिसता घडते. दर मिनिटाने पत्रा वर काढून धुवायचा आणि पाहायचा. आधी पितळेची चकाकी जाऊन ते गुलाबीसर, मळकट होते. पाच मिनिटांनी मोठ्या मोकळ्या जागांच्या कडांना पहिला उजेड दिसतो. मग अचानक, दोन बाजूंचे खड्डे मध्ये भेटतात आणि एकामागून एक खिडक्या उघडतात. सातव्या मिनिटाला मी थांबलो. अर्धा मिनिट आणखी दिला असता तर कदाचित कोपरे अधिक साफ झाले असते, पण गज गेले असते.

फिल्म कॉस्टिक सोड्यात काढली आणि पत्रा धुऊन पांढऱ्या कागदावर ठेवला. सर्व गज होते.

वापरलेल्या द्रावणाविषयी थोडक्यात पण ठामपणे सांगायचे आहे. त्यात विरघळलेले तांबे असते, ते पाण्यातल्या जीवांना मारते, आणि मुठा नदीत आधीच जे जाते ते पुरे आहे. ते मोरीत ओतू नये. मी त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालतो, फेस ओसरू देतो, लिटमस कागद आम्ल दाखवेनासा झाला की तळाशी बसलेला गाळ फडक्याने गाळून वाळवतो आणि घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून घातक कचरा घेणाऱ्यांकडे देतो. छंदापायी झालेला कचरा ही छंदाचाच भाग असलेली जबाबदारी आहे.

जोडणीला दोन रविवार गेले. भाग चौकटीतून सोडवताना खाली काच ठेवायची, मऊ काही ठेवले तर पाते दाबताच पत्रा वाकतो. दुव्याचा उरलेला टोकदार अंश बारीक कानशीने, एकाच दिशेने घासायचा. रंग पितळेवर सहजासहजी टिकत नाही, म्हणून आधी प्रायमरचा पातळ फवारा. खिडक्या आतून चिकटवल्या, त्यामुळे गज खऱ्या डब्यातल्यासारखे भिंतीच्या किंचित आत बसले. दारालगतच्या खिडक्यांचे गज मी अधिक दाट काढले होते. खऱ्या डब्यातही ते तसेच असतात, कारण दाराच्या पायरीवर उभे राहून तिथून आत हात घालणे चोराला सोपे जाते. आणि संकटकालीन खिडकी मोकळीच ठेवली, तिला गज नसतात. तिच्या चौकटीला लाल रंग दिला.

डबा मामांना दाखवायला नेला. त्यांनी डब्याकडे फारसे पाहिले नाही. माझ्या पिशवीत उरलेली रिकामी चौकट आणि दोन जादा खिडक्या होत्या, त्या मागून घेतल्या, कपाटातून जुने भिंग काढले, तेच, ज्यातून ते हाफटोनचे ठिपके तपासत, आणि खिडकीशी उजेडात जाऊन बसले. मामी चहा ठेवून गेल्या, तो निवला. बऱ्याच वेळाने त्यांनी एक खिडकी माझ्या हातात दिली आणि नखाने सर्वांत खालचा गज दाखवला.

“हा बघ, वरच्यापेक्षा बारीक झालाय. बुडबुडे खालून येतात ना तुझे? खाली जास्त खाल्लं. अर्ध्या वेळेला पत्रा उलटा टांगायचा.”

मी भिंगातून पाहिले. त्यांचे बरोबर होते. दुसऱ्या डब्याचा पत्रा मी साडेतीन मिनिटांनी उलटा टांगला.